हुकूम आणि जबाबदारी

आपल्या घरांत शिस्त हा शब्द फक्त रागाच्या वेळी आठवतो. मुलगा उशिरा उठला, अभ्यासाला बसला नाही, मोठ्यांना उलटून बोलला, की कुणीतरी काका किंवा मामा हमखास सुचवतात, की याला मिलिटरीत घाला, सरळ येईल. म्हणजे शिस्त ही मुलांना लावायची गोष्ट आणि लष्कर हा ती लावण्याचा कारखाना, अशी आपली साधी समजूत असते. मोठ्यांच्या शिस्तीचा विषय त्या बैठकीत निघत नाही.

मी परभणीतल्या एका महाविद्यालयात शिकवत होतो आणि शिकवता शिकवता बरीच वर्षं एन.सी.सी.चं काम पाहत होतो. त्यामुळे हा विषय माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. जगात जर्मनी आणि भारतात परभणी असं आम्ही परभणीकर थट्टेनं म्हणतो; पण आमचा जिल्हा काही पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत जाणाऱ्यांचा जिल्हा नव्हे. साताऱ्यात किंवा कोल्हापुरात घराच्या भिंतीवर आजोबांची पदकं असतात, तशी आमच्याकडे क्वचितच दिसतील. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. भारतीय सेना आमच्या आजोबांनी पहिल्यांदा पाहिली ती पोलीस ॲक्शनच्या दिवसांत. तरी आज पहाटे वसमत रोडला, जिंतूर रोडला किंवा कृषी विद्यापीठाच्या बाजूला गेलात, तर मुलं धावताना दिसतात. जिंतूर, सेलू, पालम, सोनपेठकडची, कोरडवाहू शेती असलेल्या घरांतली ही मुलं. भरतीत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आसपास काढायचे असतात, त्याची ती तयारी. कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावावर वर्ष काढणाऱ्या घराला एक पक्का पगार हवा असतो. त्यात कमीपणाचं काही नाही. पण भरती झाल्यावर तिथे नेमकं काय शिकवतात, हे त्या मुलांना कुणी सांगत नाही. बरेचदा सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं.

मला ते समजायला एका माणसाच्या चरित्राचा फार उपयोग झाला. तो माणूस म्हणजे लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. कोल्हापूरकडे हे नाव अजून आदरानं घेतात. मराठवाड्यात मात्र आजच्या मुलांना ते माहीत नसतं. म्हणून आज त्यांच्याविषयी.

थोरातांचा जन्म १९०६ सालचा, कोल्हापूर संस्थानातला. त्या काळी हिंदुस्थानी माणूस सैन्यात शिपाई होई, हवालदार होई, फार झालं तर सुभेदार होई. राजाची सनद घेतलेला अधिकारी हा गोराच असायचा. पहिल्या महायुद्धानंतर ते दार किंचित उघडलं. इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात वर्षाला दहा हिंदुस्थानी तरुण घ्यायचे, असं ठरलं. एवढ्या मोठ्या देशातून दहा! त्या मोजक्यांत थोरात होते. १९२६ साली ते तिथून अधिकारी होऊन बाहेर पडले. कर्नाटकातल्या कोडगूचे थिमय्या हेही त्याच वर्षीचे आणि थोरातांच्याच वयाचे. या दोघांची गाठ पुढे आयुष्यभर पडत राहिली.

सँडहर्स्टचं शिक्षण म्हणजे सुरुवातीला नुसती कवायत. उजवीकडे वळा, डावीकडे वळा, बूट चमकवा, पट्ट्याचं पितळ घासा. कवायत घेणारा सार्जंट हा हुद्द्यानं लहान आणि शिकणारा पोरगा हा उद्याचा साहेब. त्यामुळे सार्जंटानं त्याला साहेब म्हणायचं आणि त्याच दमात सोलूनही काढायचं, अशी तिथली जुनी रीत. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटतो. एकाच वेळी शंभर पाय आपटले म्हणून लढाई जिंकता येते का, असं माझेच सहकारी प्राध्यापक मला विचारायचे.

याचं उत्तर मला कामठीत मिळालं. नागपूरजवळच्या कामठीला एन.सी.सी.च्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षण शाळा आहे. महाविद्यालयातल्या मास्तरांना तेव्हा तिथे तीन महिने जावं लागायचं. फळ्यासमोर उभं राहून चार पुस्तकी वाक्यं बोलायची सवय झालेली आम्ही माणसं. आम्हाला पहाटे उठवून मैदानात आणायचे. रायफल आपली आपणच साफ करायची. दोरीला चिंधी अडकवून ती नळीतून ओढायची, मग नळी उजेडाकडे धरून आतून पाहायची. आत धुळीचा कण दिसायला नको. पहिल्या आठवड्यात हे सगळं तपासणीला येणाऱ्या उस्तादाच्या भीतीनं होतं. महिन्याभरानं उस्ताद येवो वा न येवो, हात आपोआप चिंधीकडे जातो. तिसऱ्या महिन्यात नळीत कण राहिला तर स्वतःलाच झोप लागत नाही. कवायत असते ती यासाठी. बाहेरचा हुकूम हळूहळू आत उतरतो आणि मग हुकूम देणारा समोर नसला तरी माणूस तसाच वागतो. तपासायला कुणी आलं नाही तरीही नळी साफ असते, तेव्हा ती शिस्त खरी. तोवर तो नुसता धाक असतो.

थोरात सँडहर्स्टहून परतल्यावर चौदाव्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत गेले. सैन्यातल्या मोजक्या आठ तुकड्या हळूहळू हिंदुस्थानी अधिकाऱ्यांच्या हाती द्यायच्या, असं इंग्रजांनी ठरवलं होतं. ही त्यांतली एक. ही पलटण मला फार विचारात पाडते. हिच्यातलेच कॅप्टन मोहनसिंग १९४२ साली आझाद हिंद सेनेची पहिली उभारणी करायला पुढे झाले. हिच्यातलेच अयुबखान १९५८ साली पाकिस्तानात सरकार उलथून स्वतः सत्तेवर बसले. आणि हिच्यातलेच आपले थोरात. कवायतीचं मैदान एक, भोजनगृह एक, उस्ताद एक. आणि वाटा तीन. म्हणजे कवायत माणसाला स्वतःवर ताबा देते. त्या ताब्याचं काय करायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. जबाबदारी सुरू होते ती इथून.

१९४५ च्या जानेवारीत थोरातांची पहिली मोठी कसोटी लागली. ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, आराकानात, जपानी सैन्य माघार घेत होतं. त्याची वाट कांगॉ या गावाजवळ तोडायची होती. खाडीचं पाणी, चिखल, खारफुटीची दाट झाडी, आणि पलीकडे जपान्यांनी पक्क्या करून ठेवलेल्या टेकड्या. या कामगिरीवर एकावन्नावी ब्रिगेड होती. तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदुस्थानी होते: थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. हिंदुस्थानी अधिकारी शांततेच्या काळात ठीक, पण खऱ्या लढाईत पलटण चालवू शकेल का, ही शंका घेणारे गोरे अधिकारी तेव्हा पुष्कळ होते. थोरातांच्या हाती दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण होती. लष्करी नकाशावर मेलरोझ असं नाव दिलेली टेकडी त्यांच्या जवानांनी जानेवारीच्या अखेरीस संगिनी चढवून, हातघाईला येऊन घेतली. तिन्ही प्रमुखांना पुढे डी.एस.ओ. हा सन्मान मिळाला आणि शंका घेणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

शौर्याच्या गोष्टी आपण आवडीनं वाचतो. पण पलटणीच्या प्रमुखाची बाजू जरा डोळ्यांपुढे आणून पाहा. आपण सांगितल्यावर माणसं टेकडी चढणार आहेत. त्यांतली काही परत येणार नाहीत. कोणती येणार नाहीत, ते आपल्याला ठाऊक नाही. पण त्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, गावं ठाऊक आहेत. हुकूम ऐकणाऱ्याचं ओझं एकपट असेल, तर हुकूम देणाऱ्याचं कितीतरी पट आहे. आधी जवान जेवतील मग अधिकारी, आधी जवानांचा निवारा मग आपला, हा सैन्यातला नियम त्यातून आला. आमच्या एन.सी.सी. शिबिरात मी हा नियम कटाक्षानं पाळायला लावत असे. लंगरवर मुलांची रांग संपेपर्यंत हुद्देदार कॅडेटनं ताटाला हात लावायचा नाही. एकदा गंगाखेडकडचा एक मुलगा, हुद्द्यानं सर्वांत वरचा, शेवटी जेवायला बसला तेव्हा डाल संपली होती. त्यानं कोरडी पोळी लोणच्याशी खाल्ली आणि उठून भांडी मोजायला गेला. त्या दिवशी मी त्याच्या शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं याचा फार विचार केला नाही.

थोरातांच्या आयुष्यातला मला सर्वांत आवडणारा भाग मात्र लढाईचा नाही. तो कोरियातला आहे.

कोरियाचं युद्ध जुलै १९५३ मध्ये थांबलं. प्रश्न उरला तो युद्धकैद्यांचा. चीन आणि उत्तर कोरियाचे साडेबावीस हजारांवर कैदी असे होते, की जे मायदेशी परत जायला तयार नव्हते. त्यांना खरोखरच जायचं नाही की कुणी धाकात ठेवलंय, हे निःपक्षपातीपणे पाहायला पाच तटस्थ देशांचं मंडळ नेमलं गेलं. त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या. आणि कैदी सांभाळण्याचं काम भारतीय फौजेकडे. तिचे प्रमुख मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना भारतीय सैनिक आपल्या भूमीवर नको होते. म्हणून आपल्या जवानांना बंदरावरून हेलिकॉप्टरनं थेट दोन्ही बाजूंमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. त्या छावणीला नाव दिलं हिंद नगर.

पाहुणे म्हणून गेलेली ही फौज कुणालाच नको होती. कैदी दगड मारत, घोषणा देत. त्यांच्या मनात एकच भीती, की हे भारतीय आपल्याला जबरदस्तीनं परत पाठवणार. सप्टेंबरच्या अखेरीस एक चिनी कैदी कुंपणाकडे धावत आला आणि आपल्याला मायदेशी जायचं आहे असं सांगू लागला. बाकीचे खवळले. त्या गडबडीत मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला त्यांनी आत ओढून नेलं आणि ओलीस धरलं.

थोरातांच्या हाताशी बंदुका होत्या. कुंपणाबाहेर जवान होते. आपला अधिकारी शेकडो संतप्त माणसांच्या तावडीत आहे, अशा वेळी गोळीबाराचा हुकूम दिला असता तर जगात फार कुणी दोष दिला नसता. थोरात स्वतः आत गेले. हातात शस्त्र घेतलं नाही. चारी बाजूंनी आरडाओरडा चालू असताना ते बोलत राहिले, ऐकत राहिले. मग त्यांनी कैद्यांना विचारलं, की चिनी लोकांच्या पाहुणचाराची आम्ही एवढी कीर्ती ऐकतो, आणि मी इतका वेळ इथे आहे तरी मला साधी सिगारेट किंवा घोटभर चहा कुणी विचारला नाही, हे कसं? एका क्षणात हवा पालटली. कुणीतरी चहा आणला, कुणी सिगारेट पुढे केली. थोड्या वेळानं थोरात ग्रेवालांना घेऊन बाहेर आले.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली की मुलं हसायची आणि मग गप्प व्हायची. त्या क्षणी थोरातांच्या पोटात भीती नव्हती असं समजण्याचं कारण नाही. पण भीतीला आणि रागाला मागे बसवून ठेवण्याची सवय तीस वर्षांच्या कवायतीनं अंगी मुरलेली होती. हाती बळ असून ते न वापरण्यासाठी जे लागतं, ते वापरण्यासाठी लागणाऱ्या धैर्यापेक्षा मोठं असतं. आपण लष्करी शिक्षण म्हणजे मारायला शिकवणं समजतो. चांगल्या लष्करी शिक्षणात केव्हा मारायचं नाही, हे आधी शिकवलेलं असतं. सगळंच असं गोडीनं निभावलं असंही नाही. पुढच्या काही प्रसंगी गोळी चालवावी लागली, कैदी मेलेही. पण जानेवारी १९५४ मध्ये मुदत संपेपर्यंत त्या फौजेनं ते काम पार पाडलं आणि भारताचा मान राखला. थोरातांना अशोक चक्र, वर्ग दुसरा आणि पद्मश्री हे सन्मान मिळाले.

आता मी ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला, तिथे येतो. तिथे शत्रू नाही, टेकडी नाही. एक कागद आहे.

१९५७ साली थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. त्यांचं मुख्यालय तेव्हा लखनौला होतं. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा तिबेट सोडून भारतात आले. ऑगस्टमध्ये सरहद्दीवरच्या लोंगजू इथे चिन्यांशी चकमक झाली. ईशान्य सीमेवरचा तो डोंगराळ प्रदेश, ज्याला तेव्हा नेफा म्हणत आणि आज अरुणाचल प्रदेश म्हणतात, तिथे रस्ते जवळजवळ नव्हतेच. थोरातांनी सगळा हिशेब मांडला. किती फौज लागेल, ती कुठे ठेवायची, तिला शिधा-दारूगोळा कसा पोचेल. ऐन सरहद्दीवर चौक्या हव्यात, पण त्या नजर ठेवण्यासाठी. खरी लढाई मागे, अशा जागी द्यायची, जिथे आपली रसद जवळ असेल आणि शत्रूची लांबलेली असेल. ऑक्टोबर १९५९ मध्ये हा अहवाल त्यांनी वर पाठवला. सेनाप्रमुख तेव्हा थिमय्या होते. त्यांना तो पटला. तो संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापर्यंत गेला. चीनकडून असा धोका आहे, हेच मेनन यांना मान्य नव्हतं. कागद तिथेच राहिला.

थोरात तेवढ्यावर थांबले नाहीत. मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौला लाल किल्ला या नावाचा एक युद्धसराव घेतला. सैन्य न हलवता, नकाशांवर आणि आकड्यांवर. आज आहे त्या बळावर चीननं हल्ला केला तर काय होईल, कोणती ठाणी किती दिवसांत पडतील, हे वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर मांडून दाखवलं. निष्कर्ष सुखाचा नव्हता. तरी वर काही हललं नाही.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरात यावेत, असं त्यांचं मत होतं. सरकारनं सेवाज्येष्ठ असलेल्या थापर यांची निवड केली. थोरात निवृत्त होऊन महाराष्ट्रात परतले. त्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो. बढतीची यादी लागली आणि आपलं नाव नाही, हा अनुभव सरकारी नोकरीतल्या कोणत्या घराला नाही?

इथे मला पुन्हा ते पलटणीतले तीन मार्ग आठवतात. शेजारच्या देशात त्यांच्याच पलटणीतला एक सेनाधिकारी सरकार चालवत होता. मंत्री ऐकत नाहीत, देशाचं नुकसान होतंय, म्हणून आपणच कारभार हाती घ्यावा, हा मोह किती जवळचा असतो, हे त्या उदाहरणावरून दिसतं. थोरातांनी तसं केलं नाही. उलट, ऐकत नाहीत तर मरू द्या, म्हणून गप्पही बसले नाहीत. त्यांनी जे खरं दिसलं ते वेळेवर, योग्य जागी, लिहून कळवलं. एकदा नव्हे, दोनदा. आणि त्यानंतर ज्याला निर्णयाचा अधिकार लोकांनी दिला होता, त्याचा निर्णय मानला. नुसतं हुकूम मानणं सोपं असतं आणि नुसतं बंड करणंही तसं सोपं असतं. या दोहोंच्या मधली वाट अवघड, आणि थोरात तिच्यावरून चालले.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीननं हल्ला केला. तवांग गेलं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बोमदिला गेलं. थोरातांनी अडीच वर्षांपूर्वी नकाशावर जे दाखवलं होतं, त्याच्याशी हे पुष्कळच जुळणारं होतं. पंडित नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं. तेव्हा तो जुना अहवाल त्यांच्यासमोर आला. हा मला आधी का दाखवला गेला नाही, अशी विचारणा नेहरूंनी केली. त्याचं उत्तर मेनन यांनाच विचारावं, एवढंच थोरातांनी सुचवलं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले ते याच दिवसांत. राष्ट्रीय संरक्षण मंडळ नेमलं गेलं. त्यात थिमय्यांबरोबर थोरातही होते.

आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद होऊ नये, अशी ही वेळ होती. हिमालयात सुती कपड्यांत लढलेले जवान मेले होते. बी पेरायच्या वेळी सांगितलेलं ऐकलं नाही आणि पीक गेलं, तर सांगणाऱ्या शेतकऱ्याला काही सुख लागत नाही. गावात उपास सगळ्यांनाच. थोरात बोलावल्यावर गेले, विचारलं ते सांगितलं, दिलं ते काम केलं. मी सांगत होतो, असं म्हणत देशभर फिरले नाहीत. पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. आज परभणीच्या अभ्यासिकांतून रात्र-रात्र बसणाऱ्या मुलामुलींना हे सांगितलं की त्यांना जरा नवल वाटतं. १९८६ साली त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र आलं, फ्रॉम रिव्हिली टू रिट्रीट. रिव्हिली म्हणजे छावणीला जागं करणारा पहाटेचा बिगुल आणि रिट्रीट म्हणजे झेंडा उतरवतानाचा संध्याकाळचा. आयुष्याचा हिशेब त्यांनी असा एका दिवसाच्या मापानं मांडला.

बासष्टच्या धक्क्यानंतर १९६३ पासून महाविद्यालयीन मुलांना एन.सी.सी. काही वर्षं सक्तीची होती. सक्ती गेली ते बरं झालं, असं मला वाटतं. मनातून न आलेल्या मुलाला उभं करून ठेवता येतं, पण त्याच्या आत काही उतरवता येत नाही. परेड संपल्यावर मिळणाऱ्या नाश्त्यासाठी येणारी मुलंही मी पाहिली. त्यांना मी कधी हिणवलं नाही. केळं आणि उपम्यासाठी आलेल्यांपैकी कित्येक पुढे बूट घासायला थांबले, आणि त्यांतले काही आज सरहद्दीवर आहेत.

आता आपल्या घरांपुढे वेगळा प्रश्न आहे. २०२२ साली अग्निपथ योजना आली. तीत भरती चार वर्षांची आणि त्यातून साधारण चौघांतला एकच पुढे कायम, असं ठरलं. म्हणजे चौघांतली तीन मुलं पंचविशीच्या आत-बाहेर गावी परतणार. त्यांच्या आईवडिलांच्या मनात धाकधूक आहे, आणि ती खोटी नाही. हाती आलेली रक्कम पुरेल का, दुसरं काम मिळेल का, याचा विचार सरकारनंही करायचा आहे आणि समाजानंही. पण परत येणाऱ्या मुलाबरोबर आणखी काय येणार, हाही प्रश्न आपण विचारायला हवा. नुसता ताठ कणा आणि मोठा आवाज आला, तर गावाला त्याचा फार उपयोग नाही. गावाच्या पुलाला तडा गेलेला दिसला तर तो लिहून कळवणारा, एकदा उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहिणारा, चिडलेल्या जमावात हात न उचलता शिरणारा आणि पंगतीत शेवटी बसणारा मुलगा आला, तर त्या चार वर्षांचं सोनं झालं.

आणि हे मुलांवरच का सोपवावं? पुलाच्या कामावरचा अभियंता, औषधाचा साठा मोजणारी परिचारिका, गुणपत्रिका भरणारा मास्तर, पीकपंचनामा करणारा तलाठी, यांच्यापैकी कुणाच्याही खांद्यावर पट्ट्या नसतात. पण न आवडणारं खरं वेळेवर लिहून वर कळवायचा प्रसंग प्रत्येकावर येतो. साहेब रागावतील, बदली होईल, बढती जाईल, या भीतीनं किती कागद लिहिलेच जात नाहीत! थोरातांचा कागद निदान लिहिलेला होता. म्हणून तीन वर्षांनी का होईना, चूक नेमकी कुठे झाली हे देशाला कळू शकलं.

ऑगस्ट १९९२ मध्ये थोरात गेले. तेव्हा त्यांचं वय शहाऐंशीच्या घरात होतं. पुढच्या वेळी घरात कुणी मुलाला मिलिटरीत घालण्याची भाषा काढली, तर त्याला या माणसाची गोष्ट जरूर सांगा. मात्र ती सांगताना कांगॉच्या टेकडीपाशी थांबू नका. लखनौच्या त्या अहवालापर्यंत जा, आणि मुलगा काय विचारतो ते ऐका.